एका भट्टीची माणसं

रविवार, ३

आज शिंपी उभा राहून बोलला. आठ वर्षांत तो नेहमी बसूनच बोलत आला आहे, तेही हात चिखलात असताना. त्यामुळे तो हात पुसून उभा राहिला तेव्हाच मी माझं चाक थांबवलं.

म्हणाला, "दर रविवारी सगळ्यांनी इथे येण्यापेक्षा आपापल्या भागात बसावं असं मला वाटतं. नदीपलीकडचे आम्ही पलीकडे, टेकडीवरचे टेकडीवर, इकडचे इकडे. माती कुठेही मळता येते. भाजायला तेवढं इथे आणू."

बंद पडलेल्या छापखान्यामागच्या शेडमध्ये आमचं मातीकामाचं मंडळ भरतं. बाईंनी ते सुरू केलं. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून त्यांनी ही शेड मिळवली, चाकं आणली, गॅसची भट्टी उभी केली. कोणी पोटासाठी इथे येत नाही. मी रुग्णालयाच्या कोठीत सामान लावतो आणि काढून देतो. थोड्या जागेत पुष्कळ काही नीट रचायची सवय हाताला आहे, म्हणून भट्टी भरायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं. तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.

शिंप्याचं बोलणं संपल्यावर दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे घरोघरी मातीच्या चुली." सगळे हसले. शिंपी हसला नाही.

मी म्हणालो, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्यांचं काय करायचं ते मला कळतं," तो म्हणाला. "तू तुझी कोठी सांभाळ, कोठीवाल्या."

तो मला नेहमीच कोठीवाल्या म्हणतो. आज ते वेगळं लागलं.

बाईंनी ठरवून टाकलं. चोवीस तारखेला भट्टी उघडायची आहे, त्या दिवशी सगळे असतात, तेव्हा हात वर करून निकाल लावायचा. "तोवर भांडू नका. आणि भांडायचंच असेल तर माती मळता मळता भांडा, निदान माती तरी चांगली होईल."

घरी येऊन हिला सांगितलं. ही आईचं अंग पुसत होती. गेली काही वर्षं आई अंथरुणावरच आहे. हिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओल्या फडक्यात माती किती दिवस राहते हो?"

एवढं मंडळ मोडायला निघालंय आणि हिला फडक्याचं पडलंय. तरी मी नीट समजावून सांगितलं.

मंगळवार, ५

सकाळी डोळे मिटून बसलो तर देवाऐवजी शिंपी समोर. माझ्या शेजारच्या चाकावर बसतो तो. त्याची भांडी इतकी पातळ असतात की उजेड आरपार येईल असं वाटतं. कापड बेतावं तशी माती बेततो. याच माणसाला सगळं फाडावंसं का वाटावं?

गाव सोडून मी इथे आलो तेव्हा कितीतरी वर्षं रविवार म्हणजे नुसता पडून राहायचा दिवस होता. या शेडने मला माणसं दिली. ती तीन ठिकाणी वाटली गेली तर माझ्या वाट्याला किती येतील? हा स्वार्थ असेल तर असो. देवापुढे तरी खरं बोलावं.

रविवार, १०

आज चाकं कमी फिरली, तोंडं जास्त.

टेकडीवरची एक बाई म्हणाली, येण्याजाण्यात तिचा अर्धा दिवस जातो. मी म्हणालो, माझाही जातो, मी कधी कुरकुर केली नाही. ती म्हणाली, "तुमचं जेवण तयार असतं ना घरी गेल्यावर." याचा इथे काय संबंध ते मला समजलं नाही, पण बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

मी उघडणीचा मुद्दा काढला. आमच्यात भट्टी ज्याने भरली त्यानेच उघडायची. तो एकेक भांडं वर धरतो. ते कोणाचं आहे हे सांगायचं नाही. आधी सगळ्यांनी त्यावर मोकळेपणाने बोलायचं, चांगलं-वाईट जे असेल ते. मग करणाऱ्याने म्हणायचं, "माझं." जे कोणीच आपलं म्हणत नाही ते तिथल्या तिथे हातोडीने फोडायचं आणि त्याचा चुरा मातीत मिसळायचा. हा बाईंचा नियम. जे काम आपलं म्हणवत नाही ते जपायचं नाही.

मी म्हणालो, "दर रविवारी शेजारी बसून एकमेकांचा हात ओळखता येतो, म्हणून उघडणीला अर्थ आहे. तीन ठिकाणी बसलात तर परक्यांची भांडी बघितल्यासारखं होईल."

शिंपी म्हणाला, "तुला सगळ्यांचे हात ओळखता येतात?"

"येतात."

"बरं," तो म्हणाला आणि चाकाकडे वळला. त्या 'बरं'मध्ये काय होतं कोण जाणे. दिवसभर टोचत राहिलं.

घरी मातीचा गोळा ठेवतो तो लहान वाटला. मीच जास्त नेला असणार.

बुधवार, १३

शिंपी माझ्या घरी येऊन गेला. मी कामावर असताना.

मला हे आईकडून कळलं. हिला विचारलं तर म्हणाली, "आईंच्या गादीची खोळ शिवायची होती. माप घ्यायला आले होते."

"खोळीचं माप घ्यायला नदी ओलांडून आला?"

"इकडे गिऱ्हाईक होतं म्हणाले."

"मंडळाचं काही बोलला?"

ही चहा गाळत होती. गाळून झाल्यावर म्हणाली, "इथल्या इथे असतं तर किती जणी आल्या असत्या, एवढं म्हणाले."

"आल्या असत्या म्हणजे? येणाऱ्याला कोणी अडवलंय का?"

"कोणी नाही," ही म्हणाली, आणि कप माझ्यापुढे ठेवला.

म्हणजे तो आता घरात शिरून माणसं फोडतोय. हिचा मंडळाशी काही संबंध नाही हेही त्याला कळू नये? मी रागाने चहा तसाच ठेवला. नंतर गार प्यायलो.

रविवार, १७

बोललो नाही. तोही बोलला नाही. शेजारी शेजारी दोन चाकं, आणि मध्ये भिंत असावी तसे बसलो.

डॉक्टर माझ्या बाजूचे. हात किती वर होतील याचा अंदाज त्यांनी कानात सांगितला. अटीतटीचं आहे. "तुमच्या शब्दाला वजन आहे, कोठीवाले. तुम्ही ठाम राहा."

मी ठामच आहे. पण घरी येताना बसमध्ये वाटलं, ठाम माणसाला कोणी 'ठाम राहा' असं सांगत नसतं.

गुरुवार, २१

कामावरून थेट शेडवर गेलो आणि भट्टी भरली. जे केलं ते लिहितो, कारण ते आत ठेवून जेवण जात नाही.

भट्टीत सगळ्या जागा सारख्या नसतात. दाराजवळची वरची फळी सगळ्यात भली, आच तिथे शांतपणे पोचते. खालची फळी जाळाशेजारची. तिथे ठेवलेल्या भांड्यावरची काचेसारखी झिलई वितळून ओघळते, कधी दोन भांडी एकमेकांना चिकटतात. म्हणून मी खालच्या फळीवर दर वेळी आळीपाळीने वेगवेगळ्यांची भांडी ठेवतो, माझीही ठेवतो. हे कोणी सांगितलेलं नाही आणि कोणी तपासतही नाही. भट्टी भरणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आज शिंपी त्याच्या भागातल्या लोकांची टोपली घेऊन आला. म्हणाला, "जपून." एवढंच.

तो गेल्यावर ती सबंध टोपली मी खालच्या फळीवर लावली. त्याची ती पातळ भांडीसुद्धा. त्यात एक जाडसर वाडगा होता, पलीकडच्या कोणा नवख्याचा असावा. तोही तिथेच. वरच्या फळीवर बाईंचा उंच रांजण आणि आमच्या बाजूच्यांची भांडी.

नेहमीसारखंच नीट, मोजून रचलं. हात चुकला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २२

रजा घेतली होती. भट्टी पेटवण्याआधी मी नेहमी हात जोडतो. आज हात जोडले आणि काय म्हणावं ते सुचेना. ज्याच्याजवळ मागायचं त्याला खालची फळी दिसत असणारच. हात तसेच सोडले आणि काडी ओढली.

दिवसभर डोळ्यातून, म्हणजे भट्टीच्या झरोक्यातून, आत बघत होतो. नारिंगी उजेडापलीकडे काही दिसत नाही. दार फोडून ती भांडी वर आणावीत असं दोनदा मनात आलं. पेटलेल्या भट्टीत हात घालायची बुद्धी माणसाला उशिराच होते.

शनिवार, २३

नियम साधा आहे. दारावर तळवा टेकवून ठेवता आला तरच दार उघडायचं. आज दुपारी कामावरून परस्पर शेडवर गेलो. तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

तरी उघडलं. बोटभर.

मला फक्त खालची फळी बघायची होती. बॅटरीच्या उजेडात शिंप्याची दोन भांडी दिसली, एकमेकांवर रेललेली, झिलई खाली ओघळून दोघांची एकच झालेली. जे व्हायचं होतं तेच झालं होतं, आणि ते मीच केलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. टिण्. गार वारा लागला की तापलेलं भांडं असं बोलतं. मी दार लावलं. कुलूप घालत असताना आणखी एकदा आलं.

ओट्यावर बसलो. किल्ली हातात धरून बसलो होतो. घरी कसा आलो ते आठवत नाही. हिने विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, डोकं दुखतंय. ही उद्याबद्दल काहीतरी विचारू बघत होती. मी कूस बदलली.

रविवार, २४

सगळं लिहायला हवं.

सगळे आले होते. मी दार उघडलं. वरची फळी आधी. बाईंचा रांजण वर धरला तो माझ्या हातातच दोन झाला. गळ्यापासून बुडापर्यंत सरळ चीर.

बाईंनी तुकडा घेतला आणि तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. भाजताना फुटलं असेल तर झिलई वितळून कड गोल होते. निवताना फुटलं तर कड धारदार राहते. त्यांच्या बोटाला रक्त आलं. त्यांनी पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "खाली कोणाचं तरी पातळ भांडं फुटलं असेल. त्याचा धक्का."

सगळे शिंप्याकडे बघू लागले. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. हे दुसरं लिहायला पहिल्यापेक्षा जड जातंय.

मग खालची फळी. ती दोन चिकटलेली भांडी वर धरली. शिंपी म्हणाला, "दोन्ही माझी. जुळी झाली." लोक हसले, जरा सैल झाले.

मग तो वाडगा निघाला. शाबूत होता. जाळाच्या बाजूने तांबूस झाला होता, दुसऱ्या बाजूने राखाडी. मी वर धरला आणि नेहमीप्रमाणे पहिलं मीच बोललो. मन दुसरीकडे न्यायला काहीतरी हवंच होतं.

"नवखा हात आहे. बूड जड. काठ एकीकडे उतरलाय. इथे माती वाळली होती, मग पुन्हा पाणी लावलंय, इथे पुन्हा वाळली. करणाऱ्याला सारखं उठून जावं लागलंय. एका बैठकीचं काम नाही हे. पण पोट चांगलं फिरलंय. हात चांगला आहे, त्याला वेळ मिळालेला नाही."

इतरही बोलले. टेकडीवरची बाई म्हणाली, तिला तो घरी न्यावासा वाटतो. बाई म्हणाल्या, "कोणाचा?"

कोणी बोलेना.

मी पुन्हा विचारलं. पलीकडच्या लोकांकडे बघितलं. ते शिंप्याकडे बघत होते आणि शिंपी जमिनीकडे.

नियम तो नियम. आज तर मला नियम पाळल्याचं समाधान हवंच होतं. मी वाडगा दगडावर ठेवला आणि हातोडी घेतली.

शिंप्याने माझं मनगट धरलं. "थांब. वहिनींचा आहे."

"कोणाच्या वहिनींचा?"

"तुझ्या घरातल्या."

मला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. हातोडी कोणीतरी काढून घेतली.

शिंपी सगळ्यांसमोर पण माझ्याशीच बोलत होता. "खोळीचं माप घ्यायला गेलो तेव्हा बघितला, ओट्याखाली वाळत ठेवला होता. मीच म्हटलं, द्या, भाजून आणतो. त्या नको म्हणत होत्या. आपला म्हणायला इथे यावं लागेल ना, म्हणाल्या."

बाई म्हणाल्या, "मग आणायचं होतंस तिला."

"कशा येतील? रविवारी हा इथे असतो ना."

मी सगळ्यांचे हात ओळखतो असं दोन आठवड्यांपूर्वी म्हणालो होतो. ते बहुतेकांना आठवत असणार, पण कोणी बोललं नाही. माणसं चांगली आहेत.

मी म्हणालो, "दार मी काल उघडलं होतं. रांजण त्याने फुटला. आणि पलीकडची सगळी टोपली जाळाशेजारी मीच लावली. मुद्दाम."

बाई म्हणाल्या, "दाराचं कळलं होतं मला." बोटाला अजून पदर गुंडाळलेला होता. "टोपलीचं नव्हतं."

हात वर करायची वेळ आली तेव्हा मी तीन ठिकाणी बसायच्या बाजूने हात वर केला. डॉक्टर बघतच राहिले. ठराव झाला. दर रविवारी आपापल्या भागात, भट्टी मात्र एक, आणि उघडणीला सगळ्यांनी यायचं. शिंप्याने आणखी एक मांडलं की भट्टीही आळीपाळीने एकेका भागाने भरावी. त्यालाही मी हात वर केला. बाकीच्यांनीही केला. विरोध कोणाचाच नव्हता. थोडा झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाडगा घरी आणला आणि हिच्या हातात दिला. हिने आधी बुडावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "काय म्हणाले सगळे?"

मी काय बोललो ते जसंच्या तसं सांगितलं.

"काठाचं खरं आहे," ही म्हणाली. "तेव्हाच आईंनी हाक मारली होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता."

बुधवार, २७

शिंप्याच्या दुकानात किल्ली द्यायला गेलो. पुढची भट्टी पलीकडचे भरणार. तो मशीनवर होता. उठला नाही, पण पायाने स्टूल पुढे ढकललं.

मी फळ्यांचं सगळं सांगितलं. टेकू कुठे लावायचे, झिलईची भांडी बोटभर अंतरावर कशी ठेवायची. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आणि जाळाशेजारी कोणाला ठेवू?"

"मला ठेव."

"तुझं काही असेल तर ना," तो म्हणाला. "तू आता रविवारी कुठे बसणार ते ठरव आधी." दोरा दाताने तोडला. चहा सांगितला नाही. पण मी निघालो तेव्हा म्हणाला, "खोळ झाली आहे, घेऊन जा." खोळीचं खरंच होतं तर.

बाईंकडेही जाऊन आलो. रांजणाबद्दल काय बोलावं ते कळत नव्हतं. त्यांनी बोलू दिलं नाही. तुकडे कुटायला बसवलं.

रविवार, ३१

आज आमच्या भागाची पहिली बैठक होती, मागच्या गल्लीतल्या शाळेच्या व्हरांड्यात. मी काल रात्रीच माती मळून ठेवली होती. सकाळी हिला म्हणालो, सुरुवातीला अर्धा तास येतो, माती चाकाच्या मध्यावर कशी धरायची तेवढं दाखवतो आणि लगेच परततो.

"नको," ही म्हणाली. "तुम्ही आलात की सगळ्या तुमच्याकडेच बघत बसतील." चप्पल घातली आणि गेली. वळून बघितलं नाही.

मी आईजवळ बसलो. वाटलं होतं, वाचत बसू, मनात नाव घेत बसू. पाणी दिलं. पाणी सांडलं, ते पुसलं. खिडकी उघडली, मग लावली, मग अर्धी उघडली. पुस्तकाच्या एकाच ओळीवर होतो.

"ही कुठे आहे?" आईने विचारलं.

"शाळेत. मातीकामाला."

"आणि तू?"

"मी आज इथे."

आईने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मला कुशीवर करता येईल तुला?"

येईल म्हणालो आणि उभा राहिलो. कोणता हात आधी कुठे घालायचा ते कळेना. कोठीत एवढी वर्षं काढली, पण माणूस उचलायचा म्हणजे वेगळं. आईच म्हणाली, "डावा मानेखाली. उजवा कमरेखाली. आता ओढू नकोस, माझ्याबरोबर वळ." दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. आई हूं का चूं करत नव्हती, पण ओठ घट्ट दाबलेले होते.

दुपार झाली तरी हिचा पत्ता नाही. बैठक केव्हाच संपली असणार. बोलत उभ्या राहिल्या असतील. भात निवून गेला. मी काही बोलणार नाही असं ठरवलं होतं, आणि बोललोही नाही, पण मान सारखी दाराकडे वळत होती.

"दाराकडे बघून कोणी लवकर येत नाही," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आम्ही दोघींनी बघून पाहिलंय."